त्रिकोण, चौकोन, वर्तुळ: अमूर्त चित्र बघताना या चुका टाळा

बडोद्यात चित्रप्रदर्शनांना तोटा नाही. तिथे दांडिया बाजारातली आपली मराठी मंडळीही हौसेनं येतात. पण समोर नुसता चौकोन दिसला की पहिला प्रश्न ठरलेला: "याचा अर्थ काय?"

खरी चूक इथेच होते. वर्तुळ म्हणजे शून्य, वर टोक असलेला त्रिकोण म्हणजे शिव, खाली टोक असलेला शक्ती, अशी यादी मनात धरून चित्र बघणं म्हणजे पंचांग उघडून मुहूर्त काढणं. चित्रकार सैयद हैदर रझांचा बिंदू बीजरूप आहे, लहानपणी गुरुजींनी भिंतीवर काढून दिलेल्या ठिपक्याची आठवणही त्यात आहे. रशियन चित्रकार कांडिन्स्कीचं वर्तुळ निराळं. बाउहाउस या जर्मनीतल्या कलाशाळेत 1923 साली त्यानं प्रश्नावली वाटली होती: त्रिकोण, चौकोन, वर्तुळ यांत पिवळा, लाल, निळा हे रंग भरा. त्याच्या मते तीक्ष्ण त्रिकोण पिवळा, चौकोन लाल आणि वर्तुळ निळं, कारण निळा रंग बघणाऱ्यापासून आत, खोल जातो. आकार तोच, पण रझांचा अर्थ याला चिकटवला तर दोघांवरही अन्याय होतो.

दुसरी चूक म्हणजे आकार कुठे आहे हे न बघणं. रशियातल्या चित्रकार मालेविचनं 1915 साली पेट्रोग्राडच्या (आजचं सेंट पीटर्सबर्ग) प्रदर्शनात काळा चौकोन टांगला तो भिंतींच्या वरच्या कोपऱ्यात. रशियन घरांत ती जागा देवाच्या प्रतिमेची. आपल्याकडे देवघरातली तसबीर काढून तिथे काळा चौकोन लावला तर काय वाटेल? त्या चित्राचा निम्मा अर्थ त्या जागेत आहे.

फोनवर चित्र बघून मत बनवू नका, हेही सांगायलाच हवं. चित्रकार नसरीन मोहमदी 1972 पासून इथल्याच, बडोद्याच्या विद्यापीठातल्या फाइन आर्ट्‌समध्ये शिकवत होत्या. शाई आणि पेन्सिलीच्या त्यांच्या बारीक रेघा पडद्यावर पुसट होतात. बहुतेक चित्रांना शीर्षकही नाही. तिथे प्रतीक शोधत बसू नये. रेघ कुठे दाट होते, कुठे सुटते, तेवढं बघावं. मला ती चित्रं फार जवळची वाटतात.

आणि काहीच उमगत नसेल तर? एक डोळा मिटा, अंगठा पुढे धरून तो आकार झाका. उरलेलं चित्र कुठे कलतं, काय रिकामं होतं ते बघा. मग अंगठा काढा. शेजारची पाटी त्यानंतर वाचा.