जुनी चेनसॉ घेताय? आवाजावर जाऊ नका, पिस्टन बघा

थंडी पडली की खानदेशात भरिताचे दिवस येतात. वांगी भाजायला पऱ्हाट्या पुरतात, पण खापरावरच्या मांड्यांना, पाण्याच्या बंबाला आणि लग्नाच्या भट्ट्यांना बाभळीचं, निंबाचं जाड सरपणच लागतं. मग कुणीतरी स्वस्तात जुनी चेनसॉ, म्हणजे लाकूड कापायची पेट्रोलवरची साखळी करवत, शोधू लागतो. त्यात काही वावगं नाही. नीट बनवलेली जुनी मशीन स्वस्तातल्या नव्या मशीनपेक्षा जास्त साथ देते, असं माझं ठाम मत आहे. फसगत होते ती चुकीच्या गोष्टी बघितल्यामुळे.

गरम मशीनवर सौदा करणं

तुम्ही पोहोचायच्या आत विकणाऱ्याने मशीन चालवून गरम केलेली असते, म्हणून ती एका झटक्यात सुरू होते. फोनवरच सांगा, "भाऊ, मी येईपर्यंत चालू करू नका." गेल्यावर आधी सिलिंडरच्या कव्हरला हात लावून बघा. थंड असताना सुरू करा, दहा मिनिटं लाकूड कापा, बंद करा आणि पाच मिनिटांनी पुन्हा दोरी ओढा. थंड असताना सुरू होणारी पण गरम झाल्यावर अडणारी मशीन बहुतेक वेळा कॉइल (ठिणगी देणारी) नाहीतर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गेलेली असते. मे महिन्यात पारा 44-45 ला टेकतो, तेव्हा अशी मशीन शेतात पडूनच राहील.

नुसता आवाज ऐकणं

इंजिन बंद ठेवून स्टार्टरच्या दोरीची मूठ धरा आणि मशीन हवेत लटकवा. ती झर्रकन खाली आली तर कॉम्प्रेशन कमी आहे. अडखळत, टप्प्याटप्प्याने उतरली तर आशा आहे. गॅरेजवाल्याकडे गेज असेल तर उत्तमच. 120 पीएसआयच्या वर चांगलं, 100 च्या खाली असेल तर सोडून द्या.

खरी परीक्षा पुढे आहे. सायलेन्सरचे दोन-तीन बोल्ट काढा आणि भोकातून टॉर्च मारून पिस्टन बघा. तो गुळगुळीत हवा. उभे ओरखडे दिसले तर इंजिन एकदा धरलेलं, म्हणजे आत पिस्टन अडकून जाम झालेलं आहे, मग रंग कितीही ताजा असो. विकणारा सायलेन्सर उघडू देत नसेल तर परत फिरा.

हे ओरखडे येतात कुठून? या टू-स्ट्रोक इंजिनात तेल वेगळं नसतं, पेट्रोलमधूनच जातं. 50:1 म्हणजे लिटरला 20 मिली, 25:1 म्हणजे 40 मिली. कंपनीने सांगितलेलं प्रमाण मापाने घाला, अंदाजाने झाकणभर नको. दुसरं कारण म्हणजे कडक झालेले क्रँक सील, म्हणजे इंजिनच्या फिरत्या दांड्याभोवतीची रबरी सीलं. तिथून हवा आत शिरते, मिश्रणात पेट्रोल-तेल कमी पडतं, एक्सलरेटर सोडला तरी इंजिनची रेस आपोआप वाढते. लोक कार्बोरेटरचे स्क्रू फिरवत बसतात आणि तोवर पिस्टन जातो.

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा ओढतं आणि जुन्या रबरी नळ्या, कार्बोरेटरमधला डायफ्राम (पातळ पडदा) खराब करतं. म्हणून जुनी मशीन घेतल्यावर पहिला खर्च इंधनाची नळी, फिल्टर आणि डायफ्रामवर करा. पावसाळ्यात ठेवून देताना टाकी रिकामी करा आणि कार्बोरेटरमधलं संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

बोथट चेनने रेटणं

लाकडाच्या ढलप्या उडाल्या तर चेन धारदार. पीठ पडलं तर बोथट. जोर देऊन काही होत नाही, उलट क्लच जळतो. .325 पिचच्या (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधलं अंतर, इंचात) चेनला बहुधा 4.8 मिमीची गोल कानस लागते, लहान 3/8 लो प्रोफाइलला 4 मिमीची. चेन, बार (जिच्या कडेने चेन फिरते ती लांब पाती) आणि स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) तिन्हींचा पिच एकच हवा. काप वाकडा जात असेल तर एका बाजूचे दात जास्त झिजलेत किंवा बारची कड घासली आहे.

वाळलेली बाभूळ चेनचा जीव घेते. ओली असतानाच कापा, फोडा आणि मग वाळत टाका. बांधावरच्या खोडात काटेरी तार रुतलेली असते, ती आधी चाचपून घ्या. सातपुड्याच्या पायथ्याचा अंजन तर याहून कठीण. शिवाय साग, मोह, चिंच, आंबा, जांभूळ यांच्यासारखाच तोही 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहे. शेत स्वतःचं असलं तरी परवानगी लागते.

चेनसाठी इंजिनचं जळकं ऑइल वापरू नका, त्यातला धातूचा चुरा ऑइल पंप खातो. बारचं टोक कोऱ्या पुठ्ठ्यासमोर धरून रेस द्या. तेलाची रेघ उमटली पाहिजे.

ब्रेक नसला तरी चालेल म्हणणं

इथे मात्र तडजोड करू नका. ढिगातलं सरपण कापताना बारच्या टोकाची वरची कड शेजारच्या ओंडक्याला लागते आणि मशीन क्षणात चेहऱ्याकडे उसळते. नामांकित कंपन्यांच्या मशीनवर चेन ब्रेक 1970 च्या दशकापासून येऊ लागला. त्याआधीची किंवा ब्रेक काढून टाकलेली मशीन फुकट मिळाली तरी नको. दोन्ही हातांनी धरून रेस द्या आणि डाव्या मनगटाने पुढचा गार्ड ढकला; चेन जागीच थांबली पाहिजे. रेस सोडल्यावर चेन फिरत राहत असेल तर आधी आयडलचा (रेस न देतानाचा वेग ठरवणारा) स्क्रू कमी करून बघा, तरीही फिरली तर क्लचची स्प्रिंग बदला. आणि दोरी ओढण्याआधी गळ्यातला बागायती रुमाल काढून झाडाला टांगा, त्याचं लोंबतं टोक चेनमध्ये जायला वेळ लागत नाही.