मेनिंगोमायलोसीलच्या फ्लॅपची तयारी

मेनिंगोमायलोसील म्हणजे जन्मतःच पाठीच्या कण्याच्या फटीतून मज्जारज्जू पिशवीसह बाहेर आलेला असणे. ही पाठीवरची उघडी जखम फ्लॅपने, म्हणजे शेजारची त्वचा रक्तपुरवठ्यासह सरकवून, शक्यतो जन्मानंतर ४८ ते ७२ तासांत बंद करायची असते, त्यामुळे तयारीला वेळ अपुराच पडतो. संमतिपत्र, रक्तगट, अँटिबायोटिक हे कोणी विसरत नाही. विसरते ते लॅटेक्स (नैसर्गिक रबर) टाळणे, आणि मागच्या खेपेस राहिले तेही हेच. हातमोजे बदलले की काम झाले असे वाटते आणि बाळाखालची रबरी चादर (मॅकिंटॉश), लाल रबरी कॅथेटर, भूलयंत्राची काळी पिशवी व कोरुगेटेड ड्रेन (जखमेतला स्राव बाहेर काढणारी रबरी पट्टी) जागच्या जागी राहतात. या मुलांना पुढे वारंवार शस्त्रक्रिया आणि रोजचा कॅथेटर लागतो व प्रत्येक संपर्काने ॲलर्जीचा धोका वाढत जातो, म्हणून पहिल्या दिवसापासूनच सारे सिलिकॉनचे किंवा लॅटेक्सविरहित हवे.

पाठीवरच्या पिशवीवर सलाइनने भिजवलेले निर्जंतुक गॉज, त्यावर प्लास्टिक, आणि बाळ पालथे किंवा कुशीवर. उघड्या मज्जातंतूंवर बीटाडीन किंवा स्पिरिट लागता कामा नये, हात सवयीने तिकडे गेला तरी आवरावा. डोक्याचा घेर आजच मोजून लिहावा, नाहीतर पुढे वाढ कशाशी ताडून पाहणार? बाळ येण्याआधी ऑपरेशन थिएटर तापलेले असावे. ३ किलोच्या बाळाच्या अंगात रक्त सुमारे २५० मिली असते, तेव्हा रक्ताने भिजलेले गॉज वजन करूनच मोजावेत.

भूल देताना पाठीवरच्या पिशवीवर भार येऊ नये म्हणून कापडी कडे तयार ठेवावे, आणि पालथे केल्यावर छाती व कंबरेखाली उशा देऊन पोट मोकळे सोडावे. त्वचेवर जंतुनाशकाचे रंगकाम काखेपासून मांड्यांपर्यंत, दोन्ही बाजूंना करावे, कारण लिंबर्ग फ्लॅप पुरला नाही तर व्ही-वाय किंवा कीस्टोन या दुसऱ्या प्रकारच्या फ्लॅपसाठी जागा लागते. कडा ताणून मध्यरेषेत शिवण्याचा मोह धरू नये, ती त्वचा काळी पडते आणि खालचा ड्यूरा (मज्जारज्जूवरचे आवरण) उघडा पडतो. लॅटिसिमस हा पाठीचा मोठा स्नायू शक्यतो राखावा, या मुलाला पुढे कुबड्यांवर किंवा व्हीलचेअरवर खांद्यांचेच बळ लागणार आहे. सुरी घेण्यापूर्वी ट्रॉलीवर रबर उरले नाही ना, हे पुन्हा स्वतः पाहावे.

नंतर पालथेच ठेवणे, शी जखमेकडे जाऊ नये म्हणून प्लास्टिकचा पडदा, आणि फ्लॅपच्या टोकाचा रंग, टाळू, मज्जारज्जूभोवतीच्या पाण्याची गळती यांवर लक्ष. केसपेपरवर आणि पाळण्यावर ‘लॅटेक्स वर्ज्य’. आईला पुढच्या गर्भधारणेच्या किमान महिनाभर आधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड.