मृगाआधी फणसाखालची तयारी

सगळ्यात आधी खुरपं बाजूला ठेवा. फणसाच्या, आंब्याच्या सावलीत मृगाच्या सरींनी जे उगवतं ते ओळखायचं असेल, तर निदान महिनाभर तिथली बेणणी बंद. हे घरात सगळ्यांना आत्ताच सांगून ठेवा, बागकामाला येणाऱ्या मावशींनाही. आमच्याकडे काळी मुसळी दोन पावसाळे शिंदीचं रोप समजून उपटली गेली. पानं तशीच चुणीदार दिसतात. तिसऱ्या वर्षी एक ठोंब वाचला आणि पानांच्या बुडाशी, मातीला टेकून, सहा पाकळ्यांची पिवळी चांदणी दिसली. ती बघताना मी किती वेळ उकिडवी बसले होते, कोण जाणे.

सामान थोडंच लागतं: दहापट मोठं दाखवणारं भिंग, छोटी पट्टी, वही आणि पेन्सिल. पेन नको, पावसात शाई फुटते. बांबूच्या दहा-बारा काड्या तासून ठेवा. मोबाइलवर फक्त फुलाचा फोटो काढून भागत नाही. फूल समोरून आणि बाजूने, पानाची दोन्ही अंगं, देठ, शेजारी पट्टी, एवढं हवंच.

पाहणी सकाळी करा. केन्याचं निळं फूल दुपारपर्यंत मिटून जातं. त्याचं पान जिथे खोडाला वेढतं, तिथे भिंगातून तांबूस केस दिसतात. बाजूची माती बोटाने हलकेच सारली तर पांढुरके कोंब सापडतील. त्यांवरची फुलं जमिनीखाली न उमलताच बी धरतात! तेरड्याच्या फुलामागची बाकदार नळी बघायला विसरू नका, गौरीसाठी तोडायच्या घाईत ती राहून जाते.

जे उगवलं ते सगळं इथलंच असतं असं नाही. कडेच्या उन्हातली एकदांडी मूळची अमेरिकेतली, म्हणून वहीत ‘इथलं’ आणि ‘बाहेरचं’ असे दोन रकाने आधीच आखा. चव घेऊन मात्र काहीही ओळखू नका. कुंपणावर चढणारी कळलावी कंदापासून फुलापर्यंत विषारी आहे.

काड्या मुख्यतः नर्व्हिलियासाठी, म्हणजे जमिनीवर वाढणाऱ्या एका आमरीसाठी (ऑर्किडसाठी). तिचं फूल आधी येतं, तेव्हा पान नसतंच. फूल सुकलं की जागा हरवते. म्हणून फूल दिसताच शेजारी काडी रोवा, तिच्यावर तारीख घाला आणि वहीत त्या नोंदीखाली अर्धं पान कोरं सोडा. एकुलतं एक पान वर आलं की त्याचं चित्र तिथे काढायचं आहे.