भिंतीवर थ्रीडी चित्र काढायचंय? आधी उभं राहायची जागा ठरवा

थ्रीडी म्युरल म्हटलं की बरेच जण थेट रंगाच्या डब्यांकडे धावतात, पण खरं काम त्याच्या आधीचं असतं. ही चित्रं एकाच जागेवरून खरी वाटतात, चार पावलं बाजूला सरकलात की सगळं ताणलेलं, वेडंवाकडं दिसायला लागतं. रोमच्या संत इग्नेशियस चर्चमध्ये आंद्रेआ पोझ्झोनं 1685 मध्ये सपाट कॅनव्हासवर घुमट रंगवला, आणि तो खरा कुठून दिसतो ते कळावं म्हणून तिथल्या फरशीत संगमरवरी चकतीच बसवलीय.

तर आधी लोक साधारण कुठून येतात, कुठे थबकतात ते बघा. तिथे खडूनं खूण करा, डोळ्याच्या उंचीवर, म्हणजे पाचेक फुटांवर, ट्रायपॉड लावा. यापुढचा प्रत्येक फोटो इथूनच आणि त्याच लेन्सनं.

भिंत मालकाची लेखी परवानगी घेतलेली हवी आणि कोरडी हवी. ओल असेल तर रंग पापुद्रे धरून निघतो, म्हणून सुटलेला रंग खरवडून, भेगा भरून, बाहेरच्या भिंतीचा प्रायमर मारा. गिलावा नवा असेल तर महिनाभर थांबाच.

आता स्केच भिंतीवर न्यायचं. चौकटी आखत बसू नका, भिंतभर गिचमीड करा, आकडे, अक्षरं, गोल, फुल्या काहीही, फक्त प्रत्येक खूण वेगळी पाहिजे. मग ट्रायपॉडवरून फोटो काढा, मोबाईलमध्ये त्या फोटोवर तुमचं स्केच अर्धपारदर्शक करून ठेवा, की लगेच कळतं, नाकाची रेघ त्या 7 च्या पोटातून जाते, कान त्या फुलीपाशी संपतो, आणि भिंतीजवळ उभं राहून तेवढंच गिरवत जायचं. जवळून ते भयंकर लांबट दिसेल, घाबरून दुरुस्त करायला जाऊ नका!! जमिनीवरच्या खडूच्या खुणेवर जाऊन एक डोळा मिटून बघा. ही पद्धत कोपऱ्यातही चालते, पोर्तुगालचा भित्तिचित्रकार ओडेथ दोन भिंती आणि जमीन मिळून एकच वस्तू रंगवतो, ती कोपऱ्यातून बाहेर आल्यासारखी दिसते.

रंगवताना मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती सावली. लोक ज्या वेळेला जास्त असतात तेव्हा ऊन कुठून येतं ते बघून चित्रातला उजेडही त्याच बाजूनं घ्या. वस्तू भिंतीला टेकते तिथे सावली गडद आणि रेखीव, लांब जाईल तशी फिकी, पुसट. नुसता काळा वापरला तर भोक पडल्यासारखं दिसतं, त्यापेक्षा भिंतीचाच रंग गडद करून घ्या, त्यात थोडा निळा टाका. आणि वस्तूच्या मागची भिंत आहे तशीच रंगवा, वीट असेल तर वीट, कारण खरी भिंत कुठे संपली तेच कळलं नाही की वस्तू पुढे येते.

बाहेरचं अ‍ॅक्रिलिक वापरा, पूर्ण वाळल्यावर वरून यूव्हीपासून वाचवणारा मॅट क्लिअर कोट, चकचकीत नको, ऊन चमकलं की भास मोडतो. शेवटी त्या खडूच्या खुणेवर पक्क्या रंगात दोन पावलं काढून ठेवा, लोक आपोआप तिथेच उभे राहून फोटो काढतात.