पहिल्या मीटिंगला जाताना

दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला मी चौथ्या खेपेला आत शिरलो. आधी तीनदा फाटकापर्यंत जाऊन परत फिरलो होतो, आणि त्यातल्या दोनदा वाटेत प्यायलोही. म्हणून पत्ता कसा शोधायचा यापेक्षा आत कसं जायचं, हे जास्त सांगणार आहे.

पण आधी तातडीचं. रोज भरपूर पीत असाल तर आज रात्री ठरवून उद्यापासून एकदम बंद करू नका. शेवटच्या पेगनंतर साधारण 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास होणं, बरळणं, ताप चढणं असं सुरू झालं तर जिवावर बेततं. सकाळी उठल्या उठल्या हात थरथरत असतील तर आधी डॉक्टर गाठा आणि किती पिता ते खरं सांगा. मी निम्मंच सांगितलं होतं. तसं करू नका.

आता शोधायचं कसं. सगळ्यात पसरलेलं जाळं अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचं, म्हणजे एएचं. त्यांच्या वेबसाइटवर मीटिंगांची यादी असते, पण वेळा आणि जागा बदलत राहतात, तेव्हा आदल्या दिवशी हेल्पलाइनला फोन कराच. फोन उचलणारा बहुधा स्वतः दारूतून बाहेर आलेला असतो, त्यामुळे प्रस्तावना लागत नाही. मीटिंग ओपन आहे की क्लोज्ड, कुठल्या भाषेत चालते, नेमकी कुठली खोली, हे विचारा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, ‘मी नवीन आहे, कुणी दारात भेटेल का?’ हे एक वाक्य मी आधीच बोललो असतो तर तीन खेपा वाचल्या असत्या.

फोनचं या लोकांना मोठं अप्रूप, आणि त्याला कारण आहे. 1935च्या मे महिन्यात, अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनमध्ये बिल विल्सन हा शेअर दलाल एका हॉटेलच्या लॉबीत उभा होता. दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले, धंद्याचा सौदा फिसकटलेला, एका बाजूला बार आणि दुसऱ्या बाजूला टेलिफोन. तो फोनकडे वळला. त्या फोनाफोनीतून त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या पिणाऱ्या सर्जनशी पडली आणि एए सुरू झाली.

ओपन मीटिंगला घरचे, मित्र, कुणीही बसू शकतं. क्लोज्ड फक्त पिण्याचा प्रश्न असलेल्यांसाठी. सभासद व्हायला अट एकच, पिणं थांबवायची इच्छा. फी नाही. पेटी फिरते, पण नवख्याने ती सरळ पुढे सरकवावी. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन हे वेगळं जाळं 1951 पासून आहे. ईश्वराचा, ‘उच्च शक्ती’चा उल्लेख तुम्हाला खटकत असेल तर स्मार्ट रिकव्हरीच्या मीटिंगा बघा; तिथे विचार आणि सवयी बदलण्याच्या तंत्रांवर भर असतो. ऑनलाइन बसायची सोय दोन्हीकडे आहे. मला मात्र खोलीत बसल्याशिवाय जमलं नसतं. स्क्रीन बंद करणं फार सोपं असतं.

दहा मिनिटं आधी पोचा. उशिरा गेलं की सगळे वळून बघतात असं वाटतं, आणि पळून जायला तेवढं निमित्त पुरतं. मी दाराजवळची खुर्ची धरली. शेजारच्या माणसाने जगमधून मला पाणी दिलं, पण ग्लास अर्धाच भरला. मला जरा रागच आला. उचलला तेव्हा कळलं, माझे हात असे हलत होते की भरलेला ग्लास शर्टावर सांडला असता. तो काही बोलला नाही.

मीटिंग तास-दीड तास चालते. थोडं वाचन होतं, मग एकेक जण आपापलं सांगतो. मध्ये कुणी टोकत नाही, सल्ले देत नाही. तुमची पाळी आली तर फक्त नाव सांगा, तेही पहिलंच, आणि ‘आज ऐकतो’ म्हणा. पुरतं. खोलीत ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही, हे तुम्हालाही लागू. पिऊन गेलात तरी गोंधळ घातला नाहीत तर बहुधा बसू देतात. फक्त गाडी चालवत जाऊ नका.

एका मीटिंगवरून निकाल लावू नका. प्रत्येक समूह आपापला कारभार बघतो, त्यामुळे हवा वेगळी असते. माझ्या दुसऱ्या समूहात एक जुने गृहस्थ पंचवीस मिनिटं आम्हाला झापत बसले. मी समूह बदलला, मीटिंग सोडली नाही. 90 दिवसांत 90 मीटिंगा असा सल्ला तुम्हालाही मिळेल. जमलं तर उत्तम, नाही तर आठवड्यातले दोन वार ठरवून टाका. काही आठवड्यांनी ज्याचं बोलणं पटतं त्याला स्पॉन्सर, म्हणजे दारू सोडताना सोबत करणारा जुना सभासद, व्हाल का, असं विचारा. उसने पैसे मात्र मागू नका, आणि कुणी मागितले तर देऊ नका.

मीटिंग संपल्यावर लगेच सटकू नका, दोघा-तिघांचे नंबर घ्या. फोन करायचा तो पहिल्या घोटाच्या आधी, नंतर नाही. म्हणून बऱ्या दिवशी एकदा सराव करून ठेवा. मी केला तेव्हा ‘काही काम नव्हतं’ एवढंच सुचलं. मग पाच मिनिटं आम्ही त्या खोलीतल्या पंख्याच्या कुरकुरीबद्दल बोललो.