स्पिटफायरला जीटी६चं सस्पेन्शन बसवताना

ट्रायम्फ स्पिटफायर ही छोटी ब्रिटिश स्पोर्ट्स कार ज्याच्या दारात उभी आहे त्याला कधी ना कधी हा मोह होतोच: तिच्या सहा सिलिंडरच्या बहिणीचे, जीटी६चे पुढचे दणकट हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि मोठे ब्रेक लावून टाकू, मागचा पाटा (लीफ स्प्रिंग) नंतरच्या मॉडेलचा टाकू. मोह रास्त आहे. या सगळ्या गाड्या एकाच घरच्या. कॉव्हेंट्रीच्या स्टँडर्ड-ट्रायम्फने १९५९ मध्ये हेराल्ड काढली आणि तिच्याच आराखड्यावर १९६२ मध्ये स्पिटफायर आणि व्हिटेस, तर १९६६ मध्ये जीटी६ उभी केली. पुढे वर-खाली विशबोन (चाकाला चेसिसशी जोडणारे दुबेळक्यासारखे आर्म) आणि मधोमध स्प्रिंग-शॉकअप, मागे डिफरन्शिअलच्या (मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याच्या) डोक्यावर आडवा पाटा, चाकाला चार स्टड. त्यामुळे एकीचा भाग दुसरीला बऱ्याचदा सहज लागतो.

पण लागतो म्हणजे चालतो असं नाही. या कुटुंबात भाग बदलायचे तर जोडीने, खरं म्हणजे अख्खा संच बदलायचा. एकटा पाटा किंवा एकटी उभी लिंक (वर-खालच्या विशबोनांना जोडणारा, हब धरणारा भाग) उचलून आणली की गाडी आधीपेक्षा वाईट चालते आणि दोष बिचाऱ्या भागाला लागतो.

आधी आपली गाडी ओळखा

साठ वर्षांत गाडीचे किती मालक झाले आणि कोणी काय बसवलं याचा भरवसा नाही, म्हणून नोंदणीच्या कागदावर विसंबू नका. गाडीखाली शिरा आणि मागचा भाग बघा. तीन प्रकार सापडतील.

पहिला, मूळ हेराल्डचा: पाट्याच्या सगळ्या पट्ट्या डिफरन्शिअलला घट्ट आवळलेल्या. दुसरा, स्विंग स्प्रिंग: पाटा एका पेटीत बसतो, त्यातली एकच पट्टी पक्की असते आणि बाकीच्या पेटीत मधोमध झुलतात. हा १९७० च्या अखेरीस स्पिटफायर मार्क ४ वर आला. तिसरा, १९६८ च्या जीटी६ मार्क २ आणि व्हिटेस मार्क २ चा: खाली वेगळे विशबोन आणि अ‍ॅक्सलमध्ये रबराचे जाडजूड रोटोफ्लेक्स कपलिंग. शेवटच्या काळात जीटी६नेही रोटोफ्लेक्स सोडून स्विंग स्प्रिंगच घेतला.

अ‍ॅक्सलही मोजा. १९७३ पासून स्पिटफायरचे मागचे अ‍ॅक्सल दोन्ही बाजूंना साधारण एकेक इंचाने लांब झाले. एका बाजूला लांब, दुसऱ्या बाजूला आखूड असं ध्यानही कधी भेटतं.

पुढची बाजू

जीटी६ आणि व्हिटेसची उभी लिंक, स्टब अ‍ॅक्सल (हब ज्यावर फिरतो तो आखूड दांडा) आणि बेअरिंग स्पिटफायरपेक्षा जाड. डिस्क ९ ऐवजी ९.७ इंचांची. माझं मत विचाराल तर साध्या इंजिनाच्या, घाटात रविवारी फिरणाऱ्या स्पिटफायरला तिचेच ब्रेक नीट राखले तर पुरतात. खरा फायदा जाड स्टब अ‍ॅक्सलचा आहे. इंजिन तापट केलं असेल किंवा टायर रुंद घातले असतील तर हे काम जरूर करा.

ट्रनिअनपासून (उभ्या लिंकचं खालचं टोक ज्यात बसतं तो सांधा) बाहेरचं सगळं एकत्र घ्या: ट्रनिअन, उभी लिंक, स्टीअरिंग आर्म, स्टब अ‍ॅक्सल, हब, डिस्क, कॅलिपर (डिस्कला चिमटा घेणारा ब्रेकचा भाग) आणि त्याचा ब्रॅकेट. पुढचे स्प्रिंग मात्र जीटी६चे आणू नका. ते सहा सिलिंडरच्या जड इंजिनासाठी आहेत. स्पिटफायरचं नाक वर उचलतात. हेराल्डचेही नकोत, ती उंच गाडी.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा, मग पुढून उचलून चेसिसखाली स्टँड लावा. विशबोनखाली स्टँड लावायचा नाही. बोनेट चाकांच्या मडगार्डसकट पुढे उलटतं, त्यामुळे टायरवर बसून काम करण्याइतकी ऐसपैस जागा मिळते. इतक्या सोयीच्या गाड्या कमीच. कॅलिपर सोडवून तारेने वर टांगा. तो होजवर लोंबता कामा नये. स्टीअरिंगचा रॉड एंड पुलरने काढा. वरच्या विशबोनला बॉल जॉइंट दोन बोल्टांनी धरलेला आहे, तो सोडा. स्प्रिंग शॉकअपवरच चढवलेली असते. चाक लोंबकळत असताना तिचा जोर शॉकअप पेलतो, म्हणून एवढ्या कामाला स्प्रिंग दाबावी लागत नाही. शॉकअप काढायचाच झाला तर वरचे कडेचे नट सोडून अख्खा बाहेर घ्या. मधल्या नटाला कॉम्प्रेसर लावल्याशिवाय हात लावू नका, स्प्रिंग सुटली तर जबडा फुटेल.

आता खालचा ट्रनिअनचा बोल्ट. तो आतल्या लोखंडी नळीला गंजून चिकटलेला असण्याचीच शक्यता जास्त. हातोड्याने ठोकत बसलात तर विशबोनचे कान वाकतील. ट्रनिअन आणि विशबोनच्या फटीत हॅकसॉचं पातं घालून दोन्हीकडून कापून टाका. बोल्ट, बुश, वॉशर तसेही नवेच घालायचे आहेत.

आणलेली उभी लिंक बसवण्याआधी तिचं खालचं टोक रॉकेलने स्वच्छ धुवा आणि उन्हात धरा. पितळी ट्रनिअनमध्ये ती आट्यांनी बसते आणि स्टीअरिंग वळवलं की त्याच आट्यांवर फिरते. शेवटचे आटे संपतात आणि गुळगुळीत दांडा सुरू होतो तिथे नखाने चाचपा. गंजाचे खड्डे किंवा पायरी लागली तर लिंक भंगारात द्या, कितीही महाग मिळालेली असो. ती नेमकी तिथेच तुटते आणि पुढचं चाक गाडीखाली दुमडतं.

याचं कारण बहुतेक वेळा ग्रीस. ट्रनिअनला ग्रीस चालत नाही, ९० नंबरचं गिअर ऑइल लागतं. ग्रीस आत घट्ट होऊन बसतं, आट्यांपर्यंत पोचत नाही आणि पाणी आपला रस्ता शोधतं. ट्रनिअनवरचा प्लग काढून निपल लावा आणि गनमध्ये ऑइल भरून वरून बाहेर येईपर्यंत मारा. गॅरेजवाला ‘ग्रीस मारतो, काही होत नाही’ म्हणाला तर नम्रपणे गन स्वतःच्या हातात घ्या.

एका बाजूच्या ट्रनिअनचे आटे सुलटे, दुसरीचे उलटे. जोड्या मिसळू देऊ नका. ट्रनिअन पूर्ण आत फिरवून, स्टीअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत वळेल इतका मागे सोडा. हबच्या बेअरिंगला नवं ग्रीस (इथे ग्रीसच), नट आवळून किंचित ढिला, आणि स्प्लिट पिन नवी.

मोठ्या कॅलिपरचे पिस्टनही मोठे, त्यामुळे जुन्या मास्टर सिलिंडरवर पेडल जास्त खाली जातं. जास्त वाटलं तर मास्टर सिलिंडर मोठ्या बोअरचा घ्या. चाक चढवून हाताने फिरवा. कॅलिपर रिमला घासत असेल तर ते आताच कळलेलं बरं.

मागची बाजू

मूळ पाट्याची बदनामी खरी आहे. अर्धा अ‍ॅक्सल डिफरन्शिअलजवळच्या एकाच जॉइंटवर हलतो, म्हणून चाक वर-खाली जाताना तिरकंही होतं. जोरात वळताना मध्येच अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मागचा भाग उचलला जातो, बाहेरचं चाक आत दुमडतं, टायर कडेवर उभा राहतो आणि शेपूट निसटतं. स्विंग स्प्रिंगमध्ये पाटा झुलता असल्याने गाडी कलताना तो तिला विरोध कमी करतो, आणि मागचा भाग तितका उचलला जात नाही.

इथेच जोडीचा नियम येतो. मागची ताठरता कमी झाली की ती पुढे भरून काढावी लागते. म्हणून मार्क ४ ला पुढचा अँटी-रोल बारही (गाडी कलण्याला विरोध करणारा दांडा) जाड दिलेला आहे. स्विंग स्प्रिंग टाकलात आणि जुना बारीक बार तसाच ठेवलात तर गाडी वळणावर होडीसारखी कलेल. दोन्ही एकाच दिवशी बदला, बारच्या बुश आणि क्लॅम्पसकट. लांब अ‍ॅक्सल घेत असाल तर पाटाही त्याच गाडीचा घ्या.

मागून चेसिसवर स्टँड, चाकं काढलेली. उभ्या लिंकखाली जॅक लावून थोडा भार घ्या आणि शॉकअपचा खालचा बोल्ट काढा. हा क्रम चुकवू नका, कारण पाट्याला खाली जाण्यापासून शॉकअपच अडवतो. मग जॅक हळूहळू उतरवा, पाटा सैल पडेल. ब्रेकचा होज ताणला जात असेल तर थांबून आधी तो सोडवा. पाट्याच्या डोळ्यातले बोल्ट काढा. सीटमागच्या झाकणातून हात घालून डिफरन्शिअलवरचे नट सोडा आणि पाटा एका बाजूने सरकवून बाहेर घ्या. वजनदार असतो, दुसरा माणूस हवा. नवी पेटी ठेवण्याआधी डिफरन्शिअलवरचे स्टड तिच्याशी ताडून बघा. संख्या आणि लांबी जुळत नसेल तर योग्य स्टड मागवा. वॉशरांची चळत रचून काम भागवू नका.

रबरी बुश असलेला कुठलाही बोल्ट गाडी चाकांवर उभी करून, दोन-चारदा दाबून मगच शेवटचा आवळा. हवेत आवळलेला बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

रोटोफ्लेक्सचं काय? चालते छान, पण स्पिटफायरला बसवायचं तर चेसिसला विशबोनचे ब्रॅकेट वेल्ड करावे लागतात, रेडियस आर्म (चाकाला पुढे-मागे सरकू न देणारा दांडा) आणि शॉकअपच्या जागा बदलतात आणि वर ती रबरं महाग. चांगला स्विंग स्प्रिंग असताना मी या वाटेला जाणार नाही.

आपल्याकडची हेराल्ड

मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून हेराल्ड बनवली, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या जुन्या बाजारात तिचे विशबोन, बुश, ट्रनिअन अजून हाती लागतात. विशबोन सरळ असेल तर घ्या. उभ्या लिंकला वरचीच परीक्षा लावा. मागचा पाटा चार माणसांच्या उंच गाडीचा आहे, तो स्पिटफायरला नको. त्याच कंपनीच्या १९७२ च्या गझेलकडून मागचं काहीच मिळणार नाही. इथले मालक आणि मेकॅनिक स्विंग अ‍ॅक्सलला वैतागले होते, म्हणून तिला सरळ एकसंध अ‍ॅक्सल दिला गेला.

शेवटी अलाइनमेंट

खालच्या विशबोनच्या ब्रॅकेटमागे चेसिसला लागून शिम, म्हणजे पत्र्याच्या पातळ चकत्या, असतात. पुढचा कँबर (उभ्या चाकाचा आत-बाहेर कल) त्यांच्यावर ठरतो. काढताना कुठून किती निघाल्या ते टेपवर लिहून चिकटवा. मागच्या रेडियस आर्मच्या ब्रॅकेटमागेही तशाच शिम, त्या मागचं टो (चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) ठरवतात. नेहमीचा टायरवाला फक्त पुढचं टो बघून सोडून देईल, त्याला मागची चाकंही मोजायला लावा. पाटा नवा असेल तर काही आठवडे चालवून तो बसू द्या आणि मग पुन्हा मोजा. त्याच वेळी गाडीखाली जाऊन सगळे नट एकदा पान्याने तपासा.