ठाणे-नवी मुंबईसाठी पहिली रोड बाइक कशी निवडावी

रोड बाइक (खाली वळलेल्या हँडलची, रस्त्यावरची वेगवान सायकल) बघायला गेलेला नवा माणूस आधी ती एका हाताने उचलून बघतो. हलकी लागली की निम्मा निर्णय तिथेच होतो. पण सुरुवातीच्या किमतीच्या बाइक्समध्ये वजनाचा फरक किलो-दीड किलोचाच असतो, आणि 70 किलोच्या स्वाराखाली तो जाणवतही नाही. बाइक बाल्कनीत पडून राहते ती वेगळ्याच कारणांनी: माप चुकलेलं असतं, टायर बारीक असतात, नाहीतर चढाला पुरेल असा हलका गिअरच नसतो. म्हणून याच क्रमाने बघा. कंपनी आणि रंग त्यानंतर.

माप घरीच काढता येतं. अनवाणी, भिंतीला पाठ टेकवून, पायांत 15 सेंमी अंतर ठेवून उभं राहा. एक जाड पुस्तक भिंतीला काटकोनात धरून मांड्यांच्या मध्ये वर सरकवा आणि सीटवर बसल्यावर जेवढा दाब येतो तेवढं घट्ट दाबा. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर म्हणजे तुमचा इनसीम. पुस्तक ढिलं धरलं तर माप दोन-तीन सेंमीने कमी येतं आणि पुढचा सगळा हिशेब चुकतो. इनसीमला 0.67 ने गुणलं की फ्रेमचं अंदाजे माप मिळतं: 78 सेंमीला साधारण 52 सेंमी. त्याच 78 ला 0.883 ने गुणा, 69 सेंमी येतील. क्रँकच्या (पेडलचे दांडे ज्यावर फिरतात त्या आसाच्या) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत एवढी उंची ठेवून सुरुवात करायची, मग अर्धा-एक सेंमी इकडेतिकडे.

एका कंपनीचं 52 आणि दुसरीचं 52 सारखं असेलच असं नाही. कंपनीच्या तक्त्यात स्टॅक (हँडलची बाजू किती उंच) आणि रीच (किती पुढे) हे दोन आकडे शोधा. स्टॅकला रीचने भागल्यावर 1.5 च्या आसपास किंवा जास्त आलं तर बसणं आरामशीर. 1.4 च्या जवळ गेलात की पाठ बरीच वाकते, आणि नव्या माणसाची मान व तळहात तासाभरात बोलायला लागतात. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर लहान घ्या. लहान फ्रेमला सेंमीभर लांब स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) लावून भागतं. मोठ्या फ्रेमला स्टेम फार आखूड केला तर हँडल बिचकल्यासारखं वळतं आणि मूळ अडचण तशीच राहते. सवलतीत उरलेलं मोठं माप गळ्यात मारलं जातं, तेव्हा हे विसरू नका.

आता टायर, आणि इथे घाई नको. आपल्या रस्त्यांवर पावसाळ्यानंतर पेव्हर ब्लॉक आणि डांबर यांच्यामध्ये फट पडते, उड्डाणपुलांच्या जोडांना धार असते, गटाराच्या जाळ्यांच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने बसवलेल्या असतात. घोडबंदर रोडच्या कडेने तर खडी पसरलेली असते. 23 किंवा 25 मिमी टायर अशा ठिकाणी अडकतो. खड्ड्याच्या कडेवर आदळला की ट्यूब रिम (चाकाचं धातूचं कडं) आणि खड्ड्याची कड यांच्यामध्ये चेपते आणि शेजारीशेजारी दोन चिरा पडतात. किमान 28 मिमी घ्या, आणि फ्रेममध्ये 32 मिमीची जागा आहे का ते बघा. जागा तपासायला दुकानात 4 मिमीची ॲलन की (षटकोनी पाना) मागून घ्या. टायर आणि फ्रेम, टायर आणि फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) यांच्यामधून ती सगळीकडे न घासता गेली पाहिजे. आताच अडकली तर पावसात चिखल टायरला धरल्यावर काय होईल ते उघड आहे.

जागेचा प्रश्न ब्रेकशीही जोडलेला आहे. साध्या रिम ब्रेकचा (जो रिमलाच पकडतो) कॅलिपर, म्हणजे चिमटा, बहुतेक वेळा 28 मिमीपर्यंतच टायर घेऊ देतो. डिस्क ब्रेकच्या (जो चाकाच्या मध्यावरची चकती पकडतो) फ्रेममध्ये 32 सहज बसतो. रिम ब्रेक हलका, स्वस्त आणि कोणीही दुरुस्त करू शकतो, पण पावसात आधी रिमवरचं पाणी पुसतो आणि मग पकडतो. शिवाय पॅडमध्ये अडकलेली बारीक वाळू रिम खरवडते. पावसाळ्यातही चालवायची असेल तर केबलवर चालणारा डिस्क घ्या. त्याचे पॅड झिजले की स्क्रूने आत घ्यावे लागतात, नाहीतर लिव्हर हँडलला टेकतो. चेनला तेल देताना डिस्कवर एक थेंबही उडू देऊ नका. पॅडने तेल प्यायलं की ब्रेक ओरडतो आणि धरत नाही, मग पॅड बदलूनच सुटका.

गिअरचा विचार पाम बीच रोड डोळ्यांसमोर ठेवून करू नका. तो सपाट आहे, तिथे कुठलीही बाइक चालते. उपवनहून येऊरला किंवा बेलापूरहून पारसिक हिलवर जायचं असेल तर हिशेब वेगळा. पुढची लहान चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती) 34 दातांची आणि मागची सगळ्यात मोठी चकती 28 ची असेल तर पेडलच्या एका फेरीत बाइक सुमारे 2.55 मीटर जाते. मिनिटाला 60 फेऱ्या मारल्या की वेग ताशी 9 किमी. चढावर वेग त्याखाली गेला की फेऱ्या मंदावतात आणि सगळा भार गुडघ्यांवर येतो. मागे 34 दात असतील तर त्याच 60 फेऱ्यांना ताशी साडेसात किमीच लागतात, म्हणजे हळू पण न उतरता वर पोचता येतं. पुढे 50/34 (दोन चेनरिंगचे दात) आणि मागे 11-32 किंवा 11-34 (सगळ्यात लहान ते सगळ्यात मोठ्या चकतीचे दात) हे नव्या स्वाराला योग्य. पुढे 52 ची चेनरिंग बघून हुरळून जाऊ नका.

गिअर बनवणाऱ्या शिमानो कंपनीची उतरंड, खालून वर, टूर्नी (मागे 7 गिअर), क्लॅरिस (8), सोरा (9), टियाग्रा (10) अशी आहे. पैसे ताणायचेच असतील तर टूर्नीवरून क्लॅरिसवर जाण्यासाठी ताणा. टूर्नीच्या रोड शिफ्टरला (गिअर बदलायच्या लिव्हरला) अंगठ्याने दाबायचं बटण असतं. ड्रॉपमध्ये (हँडलच्या खाली वळलेल्या भागात) वाकून हात खाली धरले की ते हाताला लागत नाही. क्लॅरिस आर2000 मध्ये दोन्ही लिव्हर बोटांनीच चालतात, आणि 8 गिअरची चेन सहज व स्वस्तात मिळते. क्लॅरिसच्या पुढे गेलात तर गिअर वाढतात, पण तुमच्या चढाचं काम त्यामुळे सोपं होत नाही. ते दातांवर ठरतं. मागच्या चाकात फ्रीहब (पेडल थांबवलं तरी चाक फिरू देणारी यंत्रणा हबमध्येच) आहे की फ्रीव्हील (ती यंत्रणा गिअरसकट हबवर आटलेली), हेही विचारा. फ्रीव्हीलमध्ये उजवीकडचं बेअरिंग आतल्या बाजूला राहतं, आस बाहेर लोंबकळते आणि वजनदार स्वाराखाली खड्ड्यांमध्ये वाकते.

जुनी घेणार असाल तर सीटपोस्ट (सीटखालची नळी) सैल करून फिरवून बघा. खाडीकाठच्या खाऱ्या, दमट हवेत ती फ्रेममध्ये पक्की धरून बसते आणि मग तुमची उंची लावताच येत नाही. हेड ट्यूबच्या (हँडलखालच्या आखूड उभ्या नळीच्या) मागे खालच्या नळीला बोटांनी चाचपा. रंगाला सुरकुती किंवा चीर असेल तर बाइक समोरून आदळलेली आहे, सोडून द्या. चेनच्या 12 पूर्ण कड्या (आतली-बाहेरची मिळून एक) नव्या असताना 304.8 मिमी भरतात. 306.5 च्या वर भरल्या तर चेन संपली, आणि कॅसेटही (मागच्या चकत्यांचा संच) झिजली असण्याची शक्यता मोठी. पुढचा ब्रेक धरून बाइक पुढेमागे हलवा. हेडसेट (हँडल फिरवणारं बेअरिंग) खटखटला तर भाव कमी करून घ्या.

बजेटमधून सहा-सात हजार बाजूला ठेवा: हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, दोन ट्यूब, टायर लिव्हर, पंक्चर किट आणि गेज असलेला पंप. रोड बाइकच्या ट्यूबला बहुधा प्रेस्टा (बारीक, लांबट) व्हॉल्व्ह असतो, त्याला नाक्यावरच्या पंक्चरवाल्याचा पंप बसत नाही. पितळी ॲडॉप्टर किरकोळ किमतीत मिळतो, तो कायम पाउचमध्ये असू द्या. 70 किलोच्या स्वाराला 28 मिमी टायरमध्ये मागे 75 आणि पुढे 70 पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) पुरते. पावसात दोन्हीकडे 5 कमी करा. प्रेस्टा ट्यूबमधली हवा चार-पाच दिवसांत उतरते, तेव्हा निघण्याआधी गेज लावायची सवय लावून घ्या. पहिल्या 150 किमीनंतर केबल ताणतात आणि स्पोक बसतात, त्यामुळे पहिली सर्व्हिस फुकट असेल तर ती चुकवू नका आणि चाकांची वाकडाई तुमच्यासमोर काढून घ्या.